कमानीवरचे मेजर

माझे वडील मेजर नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात शिरताना रस्त्यावर एक लोखंडी कमान लागते आणि तिच्यावर हातभर अक्षरांत 'मेजर' लिहिलेलं आहे. वडील नौदलात हेलिकॉप्टर चालवायचे. निवृत्त झाले तेव्हा कमांडर होते. पण परंडा तालुक्यात कमांडर म्हणजे वडापची जीप. आत माणसं कोंबलेली, मागे चौघं लोंबकळत आणि टपावर शेळी, तो कमांडर. कमान समितीच्या अध्यक्षांनी मला समजावून सांगितलं, "ताई, कमानीवर कमांडर लिवलं तर लोक तिथं जीपची वाट बघत हुबी राहत्याल." समितीतले बाकीचे गंभीर चेहऱ्याने माना हलवत होते. एकट्याने केलेला मूर्खपणा पुरेसा वाटला नाही की आमच्याकडे समिती नेमतात.

वडील गेल्या वर्षी गेले. सकाळी चहा गाळत होते, छातीत कळ आली, गाळणी हातातच राहिली. मी धाराशिवला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आई गावातच असते. वर्षश्राद्धाच्या दिवशी कमानीचं उद्घाटन करायचं, असं गावाने परस्पर ठरवलं. फोटो तेवढा आमच्याकडून नेला, पांढऱ्या गणवेशातला. तो बघून फलकवाला म्हणाला, "हे बँडवाल्यावानी दिसतंय." मग त्याने वडिलांना हिरवे कपडे चढवले, मिशी जरा भरघोस केली आणि पाठीमागे एक लढाऊ विमान सोडलं. विमान कुठल्या देशाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं. शेपटीवरचा झेंडा आपला नव्हता एवढं मला दिसलं. खाली ओळ होती, 'शत्रूची विमाने पाडणारा परंड्याचा वाघ'.

वडिलांनी जन्मात एकही विमान पाडलं नाही. ते माणसं शोधायचे. कोचीला, गोव्याला, विशाखापट्टणमला, जिथे बदली होईल तिथे हेच काम. मच्छीमारांची होडी उलटली, जहाजावरून कुणी पाण्यात पडलं, की यांना बोलावणं. लाटांच्या वर हेलिकॉप्टर एका जागी थांबवायचं, आणि मागचा सहकारी दोरावरून खाली सोडलेल्या पाणबुड्याला आणि त्याने पकडलेल्या माणसाला वर ओढून घेणार. "वारा ढकलत असतो, आपण हलायचं नाही, एवढीच नोकरी," असं ते म्हणायचे. माणूस सापडला तर घरी येऊन गप्पा मारायचे. सापडला नाही तर मोरीपाशी बसून भांडी घासायला लागायचे, घासलेली भांडीसुद्धा. आई तेव्हा स्वयंपाकघरातून उठून बाहेर पायरीवर बसायची आणि मला आत जाऊ द्यायची नाही.

बाकी घरात ते अगदी घरातलेच होते. माझ्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. शेजारच्या गल्लीत लग्नाला निघायचं असलं तरी उड्डाणापूर्वीची तपासणी दाराशी व्हायची. ते विचारणार, "गॅस?" आई सांगणार, "बंद." "नळ?" "बंद." "मागचं दार?" "कडी लावली." नुसतं 'कडी' चालायचं नाही. 'लावली' असं पूर्ण म्हणावं लागायचं, नाहीतर पुन्हा गॅसपासून सुरुवात. आई वैतागायची, पण तिची उत्तरं कधी चुकली नाहीत.

निवृत्तीनंतर ते गावी येऊन राहिले तेव्हा याच गावाने त्यांचं काय केलं ते मला चांगलं आठवतं. एवढी वर्षं पाण्यात नोकरी केलेला माणूस म्हणजे पाणाड्याच, असं गृहीत धरून लोकांनी त्यांना शेताशेतांतून फिरवलं. तळहातावर नारळ ठेवला आणि म्हणाले, "सायेब, बोअर कुठं घ्यायचा तेवढं दावा." ते म्हणाले, मला जमिनीतलं पाणी कळत नाही. झालं, माणूस बिनकामाचा ठरला. पुढे ते दोरीवर आईची लुगडी वाळत घालताना दिसले, तेव्हा पारावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. जिवंतपणी ज्याला बाईलवेडा म्हटलं त्याच्यासाठी मेल्यावर कमान. कमानीला एक बरं असतं, ती लुगडी वाळत घालत नाही.

कमान उभी राहिली त्या दिवशी मी गावात होते. आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. गुडघे दुखत होते म्हणून माझा खांदा धरला होता. मग म्हणाली, "मी ह्याच्याखालून जायची न्हाय."

गावातून बाहेर पडायला तोच एक रस्ता. गुडघ्यांसाठी तिला दर आठवड्याला परंड्याच्या दवाखान्यात जावं लागतं. दुसरी वाट म्हणजे शेजारच्या शेताचा बांध, बाभळीच्या काट्यांचा, पावसात घोटाभर चिखलाचा. दुसऱ्या दिवशी ती बांधावरून गेली. परतली तेव्हा टाचेत काटा मोडला होता. मी सुईने काढत असताना तिने मला एकच काम सांगितलं. "मेजर म्हणू दे. हिरवं नेसवलं तर नेसवू दे. पर ती खालची ओळ तेवढी पुसून घे. त्यांनी कुणाला मारलं म्हणू नका म्हणावं. तू शिकलेली हायस, तुझं ऐकतील."

मी अध्यक्षांकडे गेले. या माणसाने आजवर वाढदिवसाच्या फलकांखेरीज काहीही उभं केलेलं नव्हतं, आणि हे त्याला तोंडावर सांगायचं असं मी वाटेतच ठरवलं होतं. शाळेत तो माझ्याच वर्गात होता, गणितात सलग नापास. हेही सांगणार होते. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पर ताई, ह्ये तुमीच सांगितलं हुतं की."

मी विचारलं, "कधी?"

"आठवीत. मधल्या सुट्टीत. दोन विमानं पाडली म्हणलात. हातानं करून बी दावलंत, कशी पडली ती."

आणि मला ते आठवलं. वडील तेव्हा जहाजावर होते, म्हणून दोन वर्षं आई आणि मी गावी राहिलो होतो आणि मी परंड्याच्या शाळेत जात होते. तुझा बाप काय करतो, असं पोरं विचारायची. बुडालेली माणसं शोधतो, यात सांगण्यासारखं काय होतं? मग मी दोन विमानं पाडली. पुढे वडील सुट्टीवर आले आणि गुरुजींनी त्यांना झेंडावंदनाला बोलायला उभं केलं. ते सगळ्या शाळेसमोर म्हणाले, "मी कुणाला पाडत नाही. पडलेल्यांना वर काढतो." पोरांनी माझ्याकडे वळून बघितलं. सुट्टी संपेपर्यंत मी वडिलांशी एक शब्द बोलले नाही. ते रोज सकाळी माझ्या वेण्या घालत होते आणि मी भिंतीकडे बघत बसत होते.

मी म्हणाले, "पण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं ना, की असलं काही नाही म्हणून?"

"खरा फौजी कवा कबूल करतोय व्हय? गुपित असतंय ते," अध्यक्ष म्हणाला. "त्ये न्हाय म्हणले, तवाच मला पटलं की तुमी खरं बोलताव." त्याच्या चेहऱ्यावर इतका स्वच्छ विश्वास होता की मला त्याचा रागसुद्धा धरता येईना. आठवीतल्या एका पोरीचं बोलणं त्याने तीस वर्षं जपून ठेवलं होतं.

मी खोटं बोलले होते, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य काही अवघड नव्हतं. मी म्हणाले, "बघा काय जमतंय ते."

"आता रंग वाळलाय, ताई," तो म्हणाला, आणि माझा चहा संपला.

आईला मी सांगितलं, ऐकत नाहीत ती माणसं, अडाणी आहेत. लोकांना तुच्छ समजायची सवय असली की असं सांगणं सोपं जातं. वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळचे विधी झाले आणि दुपारी कमानीचा कार्यक्रम झाला. आई घरातच बसली. मला व्यासपीठावर बसवलं, शाल आणि नारळ दिला. अध्यक्षांच्या भाषणात दोनाची पाच विमानं झाली. मी माइकवर गेले, समस्त ग्रामस्थांचे आभार मानले आणि खाली बसले. टाळ्या चांगल्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी धाराशिवला परत निघाले. आईचा दवाखान्याचा वार होता, म्हणून एसटीच्या थांब्यापर्यंत आम्ही दोघी बरोबर निघालो. कमान दिसायला लागली तशी ती रस्ता सोडून बांधाकडे वळली. काठी आधी टेकवून मग एकेक पाय टाकत होती. मी चपला हातात घेऊन तिच्या मागोमाग उतरायला लागले.

ती थांबली, पण मागे वळली नाही.

"तू कशाला येतीस काट्यातनं? तू जा कमानीखालनं," ती म्हणाली. "शाळंत तू काय बोललीस ते त्यांनी मला तवाच सांगितलं हुतं. म्हणाले, पोरीला रागवू नको. मोठी झाली की तिची तीच सांगंल लोकांना."

ती पुढे चालायला लागली. मी चपला घातल्या आणि कमानीखालून गेले.