तीन रविवार

शैलाकाकूंबद्दल मी लिहावं का, हे मला अजूनही नीट ठरवता आलेलं नाही. मी त्यांच्या नात्यातला नाही आणि याआधी परीक्षेच्या पेपराशिवाय कुठे चार ओळी लिहिलेल्या नाहीत. त्यांना चाळीस वर्षं ओळखणारी माणसं इथे शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये आहेत. त्यांच्याआधी मी लिहितोय, याबद्दल त्यांनी मला माफ करावं. माझ्याकडे फक्त दोन वर्षांचे रविवार आहेत.

शिकागोला एमएससाठी आलो तेव्हा पहिलं वर्ष मी काकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. मूळच्या नागपूरच्या काकू एका लॅबमधली नोकरी संपवून निवृत्त झालेल्या होत्या. काका आधीच गेलेले, आणि मुलगी माधवी नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात. माझे वडील चाळीसगावला पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. कॉलेजात जाणारा घरातला मीच पहिला, त्यामुळे ते फोनवर "जेवला का?" विचारायचे आणि मी "हो" म्हणायचो. पहिल्याच सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्सच्या मिडटर्ममध्ये नापास झालो, ते मी घरी सांगितलं नाही. सांगितलं काकूंना, भांडी पुसता पुसता.

"प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सला गेला होता का?" त्यांनी विचारलं.

मला वाटायचं, ऑफिस अवर्स म्हणजे ज्यांनी काहीतरी चूक केली आहे त्यांना बोलावण्याची वेळ. मी ते तास टाळत होतो! काकू इतक्या हसल्या की हातातली बशी खाली ठेवावी लागली. "अरे बाप्पा, तो तास तुझ्या शंका विचारायलाच ठेवलाय त्यांनी. उद्या जा. आणि दारातून परत येऊ नको."

रविवारी दुपारी जेवण झालं की काकू टीव्हीवर एक ब्रिटिश रहस्यमालिका लावायच्या. वर्षानुवर्षं चाललेली, दर भागात एक सुंदर खेडं, चर्च, फुलांचं प्रदर्शन आणि किमान दोन खून. दुसरा खून झाला की काकू रिमोटने चित्र थांबवत. मग आम्ही दोघं टपालातून आलेल्या जाहिरातींच्या कोऱ्या पाठीवर खुन्याचं नाव लिहून चिठ्ठ्या साखरेच्या डब्याखाली ठेवायचो. खरी नावं लक्षात राहत नसत, म्हणून 'टोपीवाली', 'घारा डॉक्टर' असं लिहिलेलं चालायचं. काकूंचा एक नियम होता. "जो जास्त प्रेमाने चहा पाजतो ना, त्याच्यावर आधी नजर ठेव."

"मग काकू, तुमच्यावर?"

"माझ्यावर तर सगळ्यात आधी! घे, बिस्किट पण घे."

दुसऱ्या वर्षी मी युनिव्हर्सिटीजवळ राहायला गेलो, तरी रविवार सुटला नाही. फोन कानाला लावून "एक, दोन, तीन, प्ले" म्हणत आम्ही दोन घरांत एकच भाग बघायचो.

आम्ही मिळून पाहिलेला शेवटचा भाग मात्र फार वाईट निघाला. दीड तास आम्ही पाद्री, माळी आणि त्या विधवा बाईवर डोकं चालवलं, आणि खुनी कोण, तर शेवटच्या दहा मिनिटांत ऑस्ट्रेलियाहून उगवलेला आतेभाऊ. त्याचं तोंडसुद्धा आधी दाखवलं नव्हतं. काकू भडकल्या. "ही काय रीत झाली? माणूस दाखवायचाच नाही, अन् आम्ही ओळखायचं? तू छान इंग्रजीत पत्र लिही त्यांना." त्या दिवशी त्यांनी दोनदा मध्येच चित्र थांबवायला लावलं होतं. "थांब रे, पाणी पिऊन येते," म्हणाल्या, आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी घड्याळाकडे बघत होतो... आज लिहितानाही ते आठवून लाज वाटते.

कारण त्या फालतू भागाचा मी आधार घेतला. फायनल्स आल्या होत्या. म्हटलं, "काकू, मालिका बिघडलीच आहे. आता तीन रविवार सुट्टी घेऊ या का? पेपर संपले की घरीच येतो, तिथे बसून पत्र लिहू."

मग त्या म्हणाल्या, "हो, हो. अभ्यास कर. मी कुठं जाऊन राहिली?"

पहिल्या रविवारी दुपारी हात सवयीने फोनकडे गेला. दुसऱ्या रविवारी मी मेसेज केला, त्यावर अंगठ्याचं चित्र आलं. तिसऱ्या रविवारी मी काहीच केलं नाही. लायब्ररीत बसून फक्त मनात त्या पत्राची सुरुवात जुळवत होतो. त्या हसतील अशी एक ओळ सापडलीही होती.

बुधवारी दुपारी शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो, फोन सुरू केला, आणि लगेच माधवीचा कॉल आला. ती माझ्याशी नेहमी इंग्रजीतच बोलते. "आय ॲम सो सॉरी," ती म्हणाली. काकू गेल्याला नऊ दिवस झाले होते. पोटाचा कॅन्सर होता आणि तो त्यांना दोन महिने आधीच कळलेला होता.

"मला कुणी कळवलं का नाही?" माझा आवाज चढला असावा.

माधवी मग आईने सांगितलेलं, पाठ केल्यासारखं, एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "त्याचा शेवटचा पेपर बुधवारी आहे. तोवर त्याला सांगू नको. अन् सांगायच्या आधी विचार, पेपर कसा गेला."

मग ती रडायला लागली. "आय फरगॉट टु आस्क," ती म्हणाली. "सॉरी... कसा गेला पेपर?"