नाव बसली की बुडाली?

काही प्रकरणं कागदावर बंद होतात, डोक्यात होत नाहीत. परवा नांदेडात जुन्या नावा-होड्यांचं एक छोटं संग्रहालय पाहिलं. भिंतीला टेकवलेलं वल्हं दिसलं आणि निजामी अमलाच्या अखेरच्या वर्षांतलं हे प्रकरण जसंच्या तसं समोर आलं.

तेव्हा मी गोदाकाठच्या एका ठाण्यात अमीन होतो. आजच्या भाषेत फौजदार. भर नदीत नाव तळाला जाऊन एक म्हातारा दगावला. भोयाने लोभापायी माणसं कोंबली, अशी घाटाच्या मक्तेदाराची फिर्याद. पलीकडच्या काठावरचा भोई म्हणून एक जण साक्षीला. मी चारचौघांत भोयाला बेड्या घालून कोठडीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी एक भाजीवाली ठाण्यात आली. "सायेब, मी त्याच नावंत व्हते. सातच माणसं व्हतो. तळाची फळी सडली म्हणून ह्यो मक्तेदाराला रोज सांगून राहिला व्हता. त्यानं ऐकलंच न्हाई."

मक्तेदाराची वरपर्यंत ऊठबस. "प्रकरण वाढवू नका," असा निरोपही आला. मग तर मी हट्टालाच पेटलो. बैल जुंपून नाव बाहेर ओढून काढली, पंचनामा केला. फळी खरंच सडकी निघाली. पण ती गर्दीच्या भाराने मोडली, असं साक्षीदार छातीठोकपणे सांगत होता.

आमचं दप्तर उर्दूत. मुन्शीने दोघांच्याही जबाबात 'डूब गई' लिहिलेलं. मी कागद बाजूला सारले, दोघांना समोरासमोर बसवून मराठीत विचारलं.

भोई म्हणाला, "मधल्या धारंत नाव बसली, सायेब."

साक्षीदार म्हणाला, "बुडाली की! माझ्या डोळ्यांदेखत बुडाली."

भोयाने पटकन कानांना हात लावले. बांगडी फुटली तरी बायका 'वाढली' म्हणतात, तसं दोन्ही काठांवरचे भोई नावेला 'बुडाली' कधी म्हणत नसत. मी साक्षीदाराचे तळहात उलटून पाहिले. एक घट्टा नव्हता.

"वल्हं कधी धरलंस का रे?"

"न्हाई, सायेब. मक्तेदाराचा गाडीवान हाय मी. त्यानं पढवलं तसं बोललो. लई चुकलं."

मक्तेदारावर खटला भरला. भोई सुटला आणि उसनी नाव घेऊन घाटावर उभा राहिला. सकाळपासून एक माणूस चढेना. त्याचं उतरलेलं तोंड पाहून मला माझीच लाज वाटली. पाण्याची मला भारी भीती, तरी वर्दीनिशी जाऊन नावेत बसलो आणि म्हणालो, "चल." काठावरचे थोडा वेळ बघत राहिले, मग एकेक करून चढले.

जबाब ज्याच्या त्याच्या बोलीत ऐकावा, हे मी तिथे शिकलो. दुसरी गोष्ट जास्त जड गेली. माणूस कोठडीतून सुटतो तेव्हा गावाच्या तोंडातून सुटलेला नसतो. ज्याने बेडी घातली, त्यानेच त्याला परत लोकांत नेऊन बसवायचं असतं. असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, पण ते काम अमीनाचंच.