एका हाताची एकवीस पत्रं

मोत्या मानवी हक्कांच्या संघटनेत गेला तो माणुसकीचा उमाळा आला म्हणून नव्हे, तिथला पंखा चालायचा म्हणून. हे तो स्वतःच सांगतो, आता पन्नाशी ओलांडल्यावर, टकलावरून हात फिरवत. तेव्हा कॉलेजचं दुसरं वर्ष. वसतिगृहाच्या एका खोलीत चौघे, आणि पंखा म्हणजे छताची शोभा. टेलरच्या दुकानावरच्या खोलीत रविवारी सकाळी कसलीशी बैठक असते, चहाही मिळतो, असं कानावर आलं आणि स्वारी जिना चढली.

वर एक लांब टेबल, शाईच्या डागांनी नकाशासारखं झालेलं. भिंतीवर कैद्यांचे फोटो. त्यांच्यासाठी देशोदेशीच्या तुरुंगाधिकाऱ्यांना पत्रं लिहायची, हेच इथलं काम. कारभार सिस्टरांकडे. त्या निवृत्त नर्स, त्यामुळे नियमसुद्धा गोळ्यांसारखे द्यायच्या, वेळच्या वेळी. "पत्र नम्र हवं. शिवी आपण हासडायची आणि मार त्या बिचाऱ्यानं खायचा, असला शहाणपणा नको. आणि ज्याचं त्यानं आपल्या हातानं लिहायचं."

मोत्या हे नाव पडलं होतं अक्षरावरून. दाणा न् दाणा टपोरा. निम्म्या गल्ल्यांत कुत्र्यांचंही हेच नाव असतं, असं कुणी चिडवलं तर म्हणायचा, "असू दे. त्यांना कुठे लिहिता येतं?"

त्या वर्षी खोलीनं एकाच कैद्याचा ध्यास घेतला होता. दूरदेशीच्या छापखान्यात प्रुफं तपासणारा माणूस. संपाचं पत्रक छापलं म्हणून आत गेला, आणि आत जाताना त्याचा चष्मा काढून घेतला. आयुष्यभर अक्षरांवर जगलेल्या माणसाला बहिणीचं पत्रही वाचता येईना. सुटका दूरच, खोलीचं मागणं एवढंच होतं: त्याचा चष्मा त्याला द्या. तुरुंगाची समिती असल्या अर्जांवर तीन महिन्यांतून एकदा बसायची. तिच्यासमोर पत्रांचा ढीग पडायला हवा होता.

नेमक्या त्याच वेळी सिस्टर लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि पोरांच्या परीक्षा आल्या. "मोत्या, तुझं अक्षर कसलं आहे राव. तूच लिही, आम्ही सह्या ठोकतो." हरभऱ्याच्या झाडावर चढायला मोत्याला शिडी लागत नव्हती. दोन दिवसांत त्यानं एकवीस पत्रं लिहिली. समास सारखे, ओळी सारख्या, मजकूरही तोच. टाकताना त्याला वाटलं, समितीवाले फ्रेम करून लावतील.

गठ्ठा परत आला तेव्हा सिस्टरही परतल्या होत्या. त्यांनीच दोरी सोडली. वर चिठ्ठी होती: 'सर्व पत्रे एकाच व्यक्तीने लिहिलेली दिसतात. सबब दखल घेण्याचे कारण नाही.'

म्हणजे त्या माणसाचे आणखी तीन महिने बिनचष्म्याचे.

"मी संघटना सोडतो," मोत्या खाली बघत म्हणाला.

"राजीनामा द्यायला मंत्री आहेस का तू?" सिस्टर म्हणाल्या. "घाण केलीस, आता निस्तर. पुढच्या बैठकीआधी एकवीस माणसं आण, त्यांच्याकडून लिहून घे. तू मात्र एक ओळ लिहायची नाहीस."

मग मोत्या वणवण फिरला. ज्यांनी सह्या ठोकल्या होत्या ते बोटं मोडत लिहायला बसले. खाली टेलरकाका म्हणाले, "मला बाबा छाती छत्तीस, कंबर बत्तीस एवढंच लिहिता येतं." तासभर पेन्सिल कानावर ठेवून बसले आणि मग लिहिलं: 'साहेब, मी शिंपी आहे. चष्मा नसेल तर मला सुई ओवता येत नाही. हा पण कारागीर आहे. त्याचा द्यावा.' वाचताना मोत्याचे हात शिवशिवत होते; 'कारागीर'चा काना पार पुढच्या अक्षरावर पडला होता.

"हात लावू नको," काका म्हणाले. "नाहीतर तुझ्या शर्टाला मी हात लावतो का बघ."

सुट्टीला घरी गेला तर आईनं आधी उडवूनच लावलं. "माझं अक्षर म्हणजे मुंग्यांचे पाय. साहेब हसतील."

"हसू देत गं. वाचतील तरी."

आईनं पोळपाट उपडा घालून त्यावर कागद ठेवला. लग्नानंतर तिनं याद्यांखेरीज काही लिहिलं नव्हतं. चार ओळींना दुपार गेली. तिच्या खांद्यावरून वाचताना मोत्याला कळलं, की तिला माहेरची पत्रं यायची ती वडील वाचून दाखवायचे, तिला बारीक अक्षर दिसेना तेव्हापासून. आणि त्यातलं निम्मं ते गाळत असावेत असा तिला संशय होता. 'बहिणीचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये,' असं तिनं तुरुंगाधिकाऱ्याला कळवलं होतं. पुढच्याच आठवड्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

एकविसांची सव्वीस झाली. वाकडी, खाडाखोडीची, एक तर हिरव्या शाईत. सिस्टरांनी प्रत्येकाला भाषांतर जोडलं आणि ती स्वतः पोस्टात नेली.

कैद्याच्या बहिणीचं पत्र आलं ते चार महिन्यांनी. चष्मा मिळाला होता. एक काच तडकलेली, पण मिळाला होता. सुटायला त्याला पुढे सहा वर्षं लागली, तो भाग वेगळा. टेलरकाका गिऱ्हाईक सोडून वर आले आणि म्हणाले, "नंबर तोच आहे ना, विचारा बाई. एवढ्या दिवसांत वाढला असेल."

सगळे हसले. मोत्याही हसला, पण जरा कडेनं. ज्या पत्रांनी काम झालं त्यांत त्याचं एकही नव्हतं. आजही तो हे सांगतो, आणि सांगताना का कोण जाणे, खुश दिसतो.

हसणं ओसरल्यावर त्यानं विचारलं, "सिस्टर, काचेसाठी लिहावं लागेल ना? आता मी लिहू?"

सिस्टरांनी एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला आणि बाकीचा गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला.