ओढून बघणारे अण्णा

कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघणारी माणसं पुष्कळ असतात. आमचे अण्णा कुलपापाशी थांबत नसत. लोणच्याच्या बरणीचं झाकण, सायकलचं स्टँड, समोरच्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण, जे जे बसवलेलं असेल ते अण्णा ओढून बघत. मुलाच्या लग्नात करवलीनं नवरानवरीच्या उपरण्या-शेल्याची गाठ मारली, तर हे वरपिता स्वतः पुढे झाले, गाठ दोन्ही बाजूंनी धरून एक हिसडा दिला आणि भटजींना म्हणाले, "बसली. चला फुडं." सून त्या दिवशी जी हसली, ती अजून ती गोष्ट सांगताना हसते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या रांगेत अण्णांचं गॅरेज. मी ज्यांवर काम करायचो ते माग बंद पडले, तेव्हा बत्तीस वर्षांचा मी तिथं काम मागायला गेलो. या वयात नवीन काय शिकणार, असं माझं मलाच वाटत होतं. अण्णांनी एकच विचारलं, "मागावर तुटलेला धागा दिसत हुता न्हवं तुला? मग क्लिपबी दिसंल." झाली नोकरी पक्की.

ही क्लिप म्हणजे अण्णांचं दैवत. गियरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा म्हणजे ॲक्सल. त्याच्या आतल्या टोकाला एक खाच असते आणि त्या खाचेत बारीक तारेची, तोंड उघडं राहिलेली अंगठी. ॲक्सल आत लोटला की ती अंगठी दबते, पलीकडे जाऊन फुलते आणि दांड्याला धरून ठेवते. बसताना 'टक्' असा आवाज येतो. एवढीशी वस्तू, पण ती बसली नाही तर ॲक्सल हळूहळू बाहेर सरकतो आणि इंजिन कितीही ओरडलं तरी गाडी जागची हलत नाही.

जुनी क्लिप पुन्हा घालणं अण्णांना मान्य नव्हतं. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, चांगली तर दिसतेय. अण्णा म्हणत, "जुनं इलॅस्टिकबी चांगलं दिसतं की. घालून बघा चड्डीत." बोलणं तिथंच संपायचं. नव्या क्लिपला खाचेत थोडं ग्रीस लावायचं, म्हणजे ती मधोमध राहते. तोंड खाली ठेवायचं. तेल अडवणाऱ्या ऑइल सीलला धक्का न लावता ॲक्सल सरळ न्यायचा आणि शेवटी एकच नेमका झटका. मग ओढून बघायचं. तेही दांडा धरून नाही, कारण दांडा ओढला तर त्याच्या टोकाजवळचा सांधाच आतून निखळायचा. सांध्याची वाटी, म्हणजे त्याचं बाहेरचं पोलादी कवच, धरायची. "माणसाला हाताला धरून उठवावं, केसाला धरून न्हाय," हे त्यांचं स्पष्टीकरण.

मी गॅरेजात लागल्यावर पाचसहा वर्षांनी अण्णांचे कान जायला लागले. मेकॅनिकचे कान जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. गिऱ्हाईक येऊन दुसरं काही सांगतच नाही, "गाडी आवाज करतीय," एवढंच सांगतं. हे बाहेर फुटलं तर लोक दुसरीकडे जातील, ही भीती होतीच. पण गॅरेज सुटलं तर दिवसभर करायचं काय, ही अण्णांची खरी भीती. नातेपुत्याला शिक्षक असलेल्या मुलानं कानाचं मशीन आणून दिलं. अण्णांनी ते एक दिवस लावलं आणि संध्याकाळी काढून ठेवलं. म्हणाले, "सोलापुरातल्या सगळ्या गाड्या माझ्याच कानात येऊन खडखडाया लागल्या. येवढ्या बिघडल्यात हे म्हाईत न्हवतं."

मग आमची एक पद्धत पडून गेली. अण्णा ॲक्सल लोटायचे आणि माझ्याकडे बघून हळूच विचारायचे, "आला का?" मी 'टक्' ऐकलेला असायचा. "आला, अण्णा." मग ते वाटी ओढून बघायचे आणि काम पुढे जायचं. गिऱ्हाइकाला काही कळत नसे आणि आम्ही दोघंही त्या विषयावर बोलत नसू.

एके दिवशी शेजारच्या टॉवेल कारखान्याचे व्यंकटेश शेठ गाडी घेऊन आले. दुपारी आईला अक्कलकोटला दर्शनाला न्यायचं होतं. ते जवळच उभे होते. हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. अण्णांनी झटका दिला आणि विचारलं, "आला का?" मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण शेठ बघत होते आणि अण्णांच्या चेहऱ्यावर अशी काही आशा होती, की मी म्हणालो, "आला, अण्णा." ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. वाटीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि चाक चढवायला सांगितलं.

अक्कलकोटच्या वाटेवर, वळसंगच्या अलीकडे शेठची गाडी थांबली. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर ऑइलचं थारोळं, कडुनिंबाखाली शेठच्या आई जपमाळ ओढत बसलेल्या आणि शेठ लालबुंद. कुणाला काही लागलं नव्हतं, हे नशीब. मी तोंड उघडायच्या आत अण्णा कानाकडे बोट दाखवत म्हणाले, "शेठ, चूक माजी. मला ऐकू येत न्हाय. लई दिवस झालं." शेठच्या आई तेलुगूत काहीतरी बोलल्या. शेठ म्हणाले, "आई म्हणते, तिलापण येत नाही ऐकू. तुम्ही पाणी प्या आधी."

परतताना मला राहवलं नाही. मोटारसायकल कडेला घेतली आणि मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, मी खोटं बोललो. मला आवाज आला नव्हता."

"म्हाईत हाय. तुजा आवाज ऐकू येत न्हाय, तोंड दिसतं की."

"मग ओढून का नाही बघितलं?"

"तू माजा मान राखत हुतास. वढलं असतं तर तुजा गेला असता." मग हसले. "दोघंबी एकमेकाचा मान राखीत बसलो आन म्हातारी बसली लिंबाखाली."

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी येणाऱ्या प्रत्येकाला कानाचं सांगून टाकलं. गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट लोक त्यांच्याशी खाणाखुणांनी बोलायला शिकले. ॲक्सल मी लोटायचो आणि अण्णा गियरबॉक्सवर तळहात ठेवून बसायचे. क्लिप बसली की हाताला कळायचं म्हणे. मी मनात हसायचो. एकदा मला स्वच्छ 'टक्' ऐकू आला, तर अण्णांनी 'नाही' अशी मान हलवली. वाटी ओढली, ॲक्सल सरळ हातात आला. आवाज शेजारी काम करणाऱ्याच्या पान्याचा होता. त्या दिवसापासून हसणं बंद.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली आणि मुलानं त्यांना नातेपुत्याला नेलं. जाताना अण्णांनी गॅरेज माझ्या हवाली केलं. मला त्यांची किती आठवण येते, हे मी घरात कुणाला सांगत नाही, पण येते.

मध्यंतरी एका रविवारी भेटून आलो. आता त्यांना अजिबात ऐकू येत नाही. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "माज्याबिगर नीट चाललंय न्हवं?" म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर नको, म्हणून हो म्हणावं, अशीच आपल्याकडे रीत. सूनही मला डोळ्यांनी तेच खुणावत होती. मी नकारार्थी मान हलवली आणि ओठ त्यांना दिसतील असं सावकाश म्हणालो, "न्हाय, अण्णा. चालतंय, पण नीट न्हाय."

अण्णांनी माझं तोंड नीट बघून घेतलं. मग सुनेला म्हणाले, "ह्याला अजून एक भाकर वाढ," आणि स्वतःच्या ताटातला कांदा उचलून माझ्या ताटात ठेवला.