तांदळात रोवलेला वाल

नांदुऱ्यात स्टेशनामागच्या ओळीत राहणाऱ्या गोजरबाईला कुणी ‘कशी हायेस वं?’ असं विचारलं, की ती ‘हाये’ एवढंच म्हणायची. बरी नाही, वाईट नाही, नुसतं हाये. कधीकाळी हीच बाई तुळशीच्या लग्नात सगळ्यांत मोठ्यानं मंगलाष्टकं म्हणायची, हे सांगून कुणाला खरं वाटलं नसतं. सासू केसरबाई अर्धांगानं खाटेला खिळली आणि तेव्हापासून गोजरबाईचंही कुठलं तरी अंग गेलं. वरून दिसत नव्हतं इतकंच. ती पहाटे उठायची, सडा घालायची, देव धुवायची, सासूची लुगडी धुवायची, ज्वारीच्या कण्या शिजवायची. हात चालत होते. माणूस कुठं होतं, ते देऊळगावच्या बालाजीला ठाऊक.

केसरबाई म्हणजे जात्याची बाई. गावात पिठाची गिरणी आली नव्हती तेव्हा चार घरची दळणं तिच्याकडं असत. बाकीच्या बाया जात्यावर गात, ही कधी गायली नाही. शेजारणीनं डिवचलं तर म्हणायची, “जातं बोलते ना, मी काऊन बोलू मधात?” सुनेशीही तिचा हाच खाक्या. भाकर करपली, मीठ जास्त झालं, यापलीकडं सासूसुनेचं बोलणं कधी गेलं नाही. गिरणी आली, जातं परसात पालथं पडलं, त्यावर कपडे आपटायला लागले. केसरबाईनं त्यावरही तोंड उघडलं नाही.

आणि अर्धांग झाल्यावर तर तोंड उघडायचंच बंद झालं. दातखीळ बसावी तसा जबडा. चमचा ओठाला लावला की कण्या हनुवटीवरून गळ्यात.

अशात निवृत्तीनं रेडिओ घरात आणला. गोजरबाईचा हा नवरा कापसाच्या बाजारात मापाडी होता. महाराष्ट्र नवा झाला होता, दर पुढाऱ्याचं भाषण, दर पिकाचा भाव आता रेडिओवर मराठीतून येतो म्हणे. म्हणून त्यानं हौसेनं आणला, पोस्टात जाऊन त्याचं लायसनही काढलं. एके दिवशी सकाळी नागपूर केंद्रावर भजन लागलं होतं, गोजरबाई रोजच्यासारखी चमचा धरून बसली होती, आणि केसरबाईचा जबडा सैल पडला. घास आत गेला. दुसरा गेला. वाटी रिकामी झाली.

तेव्हापासून गोजरबाई ज्याला त्याला सांगायची, “देवाचं नाव कानावर पडलं की आत्याबाई तोंड उघडतात.” आळीतल्या बाया पाहायला येऊ लागल्या. काही तर म्हातारीच्या पाया पडून जात. गोजरबाईला वाटे, आपल्या घरात एवढं एक तरी आहे. आनंद झाला म्हणावं, तर तेवढं काही आत उरलं नव्हतं. पण सांगताना तिचा आवाज जरा उंच व्हायचा.

मग रेडिओ मुका झाला. दिवा लागायचा, आवाज नाही. निवृत्तीनं तो उघडून ओळखीच्या वायरमनला दाखवला. त्यानं आतल्या व्हॉल्व्हवर बोट ठेवून सांगितलं, “वाल गेला.”

“वाल?” शेजारची पंचफुला ओट्यावरून म्हणाली. “उसळीचा का बिरड्याचा?”

“काचेचा,” निवृत्ती म्हणाला. “तुह्या डोक्यात तेवढाच वाल हाये.”

हसणं झालं, पण केसरबाईचा जबडा पुन्हा मिटला. गोजरबाईनं स्वतः भजन म्हणून पाहिलं. आवाज फाटका निघाला, केसरबाईनं डोळे मिटून घेतले. पंचफुलानं भजनी बाया आणल्या, टाळ कुटले. म्हातारीनं मान भिंतीकडं वळवली. ओल्या फडक्यानं ओठ पुसायचे, दोन थेंब आत गेले तर गेले. डॉक्टर नाडी बघून निवृत्तीला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, “पोटात अन्न गेलं नाही, तर म्हातारी फार दिवस काढत नाही.” गोजरबाईनं आतून ऐकलं. तिनं चुलीवरच्या कण्या ढवळल्या, कारण त्या खाली लागत होत्या.

निवृत्ती पॅसेंजरनं मलकापूरला गेला आणि वाल घेऊन आला. दुकानदाराकडं तो तेवढा एकच होता; दुसरा नागपूरहून मागवावा लागला असता, आणि तो कधी येईल याचा नेम नाही. पुठ्ठ्याच्या डबीत कापसात गुंडाळलेला. बोटभर काचेची कुपी, डोक्याकडं आतून चांदीसारखं चकचकीत, खाली गोल रांगेत सात बारीक तारा. निवृत्ती मागचं फळकूट काढून तो बसवणार, तेवढ्यात बाजारातून बोलावणं आलं. कापसाच्या बैलबंड्या लागल्या होत्या.

“संध्याकाळी येऊन लावतो,” तो म्हणाला. “हात नको लावू त्याले.”

“देवापुढं तर ठेवू का नाही?”

“ठेव. देवापुढं ठेवायले कोण नाही म्हनते?”

नवी वस्तू घरात आली की आधी देवापुढं. धान्य असो, लुगडं असो, कंदील असो. गोजरबाईनं ताम्हणात तांदळाची रास केली. आता हा वाल आडवा ठेवावा, तर ज्याला डोकं आहे आणि पाय आहेत, त्याला देवापुढं उताणं कसं ठेवायचं? मेलेल्या माणसाला उताणं ठेवतात. तिनं डोकं वर, पाय खाली असा तो राशीवर उभा केला. तो कलला. तिनं पुन्हा उभा केला, पुन्हा कलला. मग कलशावर नारळ बसवावा तसा तिनं तो तळहातानं दाबला, जरा फिरवून नीट रोवला. खाली ताम्हणाचं पितळ होतं. हाताला बारीकशी कुरकुर लागली, ती तिला तांदळाची वाटली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, डोळे मिटून म्हणाली, “एवढं चालू दे.”

निवृत्ती दिवेलागणीला आला, हातपाय धुतले आणि देवापुढचा वाल उचलला. तांदूळ खाली गळले. सातही तारा फाकल्या होत्या. दोन तर मेलेल्या माशीच्या पायांसारख्या पोटाशी मुडपल्या होत्या.

“हे काय केलं वं?”

गोजरबाईनं पाहिलं. तिला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे मात्र कळलं.

“उभा राहत नव्हता,” ती म्हणाली.

“उभा? तो काय गनपती हाये का सुपारीचा? मी म्हनलं ठेव, पेर नाही म्हनलं!”

पंचफुला दारात येऊन उभीच होती. “पेरला तर पेरला, निवृत्तीभाऊ. उगवंल. वालच हाये ना!”

“तू जाय वं घरी!”

ती गेली नाही, उंबऱ्यावरच बसली. खाटेवर केसरबाईचे डोळे उघडे होते. कुणाकडं बघत होते, ते सांगता येत नव्हतं. तिची हनुवटी आता कालच्यापेक्षा जास्त टोकदार दिसत होती. निवृत्तीनं आईकडं पाहिलं आणि घाईनं पक्कड काढली. कापसाची गाठोडी उचलणारा हात; बोटं जाड, नखं तुटकी. सगळ्यांत वाकडी तार त्यानं पकडीत धरली, ओढली. कट् झालं. अर्धी तार पकडीत आली.

 पंचफुलानं तोंडावर पदर धरला.

“जाऊ द्या,” गोजरबाई म्हणाली. “माह्याकडं द्या.”

तिची लेक शालू देऊळगाव राजाला दिलेली होती. तिची पत्र्याची लहानशी पेटी माहेरी राहिली होती, त्यात कानातल्यांच्या जोड्या आणि रिबिनी. त्या पेटीची किल्ली पोकळ नळीची होती. शिवणाची सुई वाकली की गोजरबाई ती याच किल्लीत खोचून सरळ करायची. तिनं ती किल्ली एका तारेवर चढवली. तार आत शिरली. किल्ली हलकेच उभी केली, तशी तारही उभी झाली. जोर कुठं लावायचा नाही, नुसतं उठवायचं, जसं ती केसरबाईला दर सकाळी पाठीखाली हात घालून उठवत होती. काचेजवळ तार जिथून निघते तिथं तिनं नख टेकवून ठेवलं, म्हणजे ताण काचेवर जाऊ नये. मग दुसरी तार. मग तिसरी. पोटाशी मुडपलेली उरलेली तार उठवताना तिनं श्वास धरला होता, हे तिला सोडल्यावर कळलं.

“हात नाही कापत तुहा,” निवृत्ती म्हणाला.

“कापायले काय आता.”

सहा तारा सरळ झाल्या. सातवी अर्धीच होती, तिला काय करणार? निवृत्तीनं वाल खाचेत बसवला. जरा अडला, मग बसला. त्यानं बटण फिरवलं. दिवा लागला. वालाच्या पोटात तांबूस ठिणगी दिसू लागली, देवाच्या निरांजनात तेल संपत आल्यावर दिसते तेवढी. सगळे वाट पाहत राहिले. रेडिओ तापायला वेळ घेतोच.

आणि मग घूंऽऽऽ असा आवाज आला. मोठा, जाडा, एकसारखा. निवृत्तीनं काटा इकडं नेला, तिकडं नेला. भजन नाही, बातम्या नाहीत, माणूस नाही. नुसती घरघर.

“गेला,” तो म्हणाला. “ती तुटकी तार पोचत नाही आत. झालं, आता नागपूरचा येईपर्यंत...”  पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं.

“काय गिरनी बसवली वं घरात!” पंचफुलानं कानावर हात ठेवले. “बंद करा ना, निवृत्तीभाऊ!”

निवृत्तीनं बटणाकडं हात नेला.

“थांबा,” गोजरबाई म्हणाली.

केसरबाईचा जबडा सैल पडला होता. ओठ विलग झाले होते. चांगला हात पांघरुणावरून सरकत होता, मुठीत काही धरल्यासारखा, हळूहळू गोल. बाहेरून आत, बाहेरून आत. जात्याचा खुंटा धरलेला हात गोजरबाईनं इतकी वर्षं रोज पाहिला होता. ओळखायला वेळ लागला नाही.

म्हणजे देवाचं नाव नव्हतं ते. भजनाखाली रेडिओची जी बारीक घरघर असायची, ती म्हातारी ऐकत होती. आळीभर आपण काय सांगत फिरलो, आणि बाया पाया पडून गेल्या. गोजरबाईच्या मनात हे आलं आणि तसंच निघून गेलं. राग नाही आला, हसू नाही आलं. देव घासाच्या आड कशाला येईल? त्यानं कोणत्या तोंडानं बोलावं हे त्याचं तो ठरवील.

ती चुलीपाशी गेली, कोमट कण्यांत थोडं ताक घातलं आणि खाटेवर बसली. केसरबाईच्या मानेखाली डावा हात घालून तिनं तिला उचलून धरलं. पहिला चमचा ओठांशी नेला. घास आत गेला. गळा हलला.

“ह्या आवाजात मानूस बसन कसं?” निवृत्ती हळूच म्हणाला.

“तुम्ही बाहेर बसा.”

तो बाहेर गेला नाही. पंचफुला मात्र उठून गेली, आणि आळीत तिचा आवाज ऐकू आला, “खाऊन राह्यली! अहो, म्हातारी खाऊन राह्यली! कशानं म्हनता? ते नका विचारू!”

वाटी अर्धी झाली, तसा केसरबाईचा पांघरुणावरचा हात थांबला. पण तोंड मिटलं नाही. तिनं सुनेकडं पाहिलं. नेहमीसारखंच पाहिलं, मीठ जास्त झाल्यासारखं. गोजरबाईनं वाटी खाली ठेवली, बोटानं एक कणी चाखली. मीठ घालायचंच राहिलं होतं.

“देते,” ती म्हणाली, आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा बसली. रेडिओ घुमत होता. वाटी पुसून झाली तरी ती उठली नाही. म्हातारीची मान तिच्या हातावर जड पडली होती, डोळे मिटले होते, छाती खालीवर होत होती. निवृत्तीनं विचारलं, बंद करू का? ती मानेनंच नको म्हणाली.

बऱ्याच वेळानं तिनं हात सोडवून घेतला. खांद्यापासून बोटांपर्यंत तो मेल्यासारखा झाला होता, आपला वाटतच नव्हता. तिनं तो मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं चोळू लागली. आधी काहीच नाही. मग बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, मग मनगटाला, आणि त्या इतक्या चावू लागल्या, की तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.