बंद पाकिटातला हत्ती

अपुऱ्या पत्त्याचं पाकीट हाती आलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. बावीस वर्षं तो टपाल कचेरीत पत्रं लावायच्या कामावर होता. समोर सत्तर खणांचं लाकडी कपाट, आणि हात असा चाले की डोळ्यांनी वाचून होईतो पत्र आपल्या खणात पडलेलं असे. घर नाही, गल्ली नाही, नुसतं नाव आणि शहर असलं, की तो लाल पेन्सिलीनं ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारून पत्र परत धाडायचा. “आत चार पानं भरून रडगाणं लिहितात,” तो म्हणायचा, “आणि पाकिटावर चार ओळी लिहायच्या तर यांचे हात मोडतात.”

उरलेला वेळ आणि साठवलेल्या सगळ्या रजा बुद्धिबळाच्या. तो खेळ त्याला थोरल्या बहिणीनं शिकवला, सातव्या वर्षी गोवर आला तेव्हा, अंथरुणावर पट मांडून. ती त्याच्याहून सरस खेळायची. पण वडील गेले, आणि अठराव्या वर्षी ती शिलाईच्या कारखान्यात काज-बटणाला बसली ती बसलीच. त्याच्या प्रत्येक स्पर्धेला मात्र डबा घेऊन हजर.

हा गडी हरत नसे आणि जिंकायच्याही भानगडीत फारसा पडत नसे. जरा धोका दिसला की बरोबरी मागायची, अर्धा गुण खिशात टाकायचा आणि घर गाठायचं. मंडळींनी त्याचं नावच पाडलं होतं ‘बरोबरीबहाद्दर’. तोंडावर म्हणत, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

ग्रँडमास्टर व्हायला तीन मोठ्या स्पर्धांत ठरलेले गुण मिळवावे लागतात. दोन पार पडल्या होत्या. त्रेचाळिसाव्या वर्षी तिसरीच्या शेवटच्या डावाला तो बसला, तेव्हा त्याला फक्त अर्धा गुण हवा होता. समोर एक म्हातारा ग्रँडमास्टर होता. पाचव्या तासाला म्हाताऱ्याचा राजा कोंडीत सापडला आणि तो हळूच म्हणाला, “बरोबरी?” नुसती मान हलवायची होती. त्यानं ती आडवी हलवली. आज त्याला किताब जिंकूनच घ्यायचा होता, म्हणजे ते नाव एकदाचं पुसलं गेलं असतं.

दोन वाजता पंचांनी डाव थांबवला. त्या काळी लांबलेला डाव असा थांबवत. ज्याची पाळी असेल त्यानं आपली पुढची चाल गुपचूप कागदावर लिहायची, कागद पाकिटात घालून चिकटवायचा आणि पंचांकडे द्यायचा. चार वाजता पंच तो फोडून चाल पटावर मांडणार. नियम मोठा कडक. लिहिलेल्या चालीचे दोन अर्थ निघाले, तर लिहिणारा तिथल्या तिथे हरला.

त्यानं चाल लिहिली, पाकीट चिकटवलं, सही ठोकली आणि बाहेर पडला. तिसऱ्या पायरीवर त्याचा पाय अडकला.

त्याचे दोन हत्ती होते. दोघेही त्याच एका घरात जाऊ शकत होते. कुठला हत्ती, हे आपण लिहिलं का?

बहीण जिन्याखालच्या बाकावर सफरचंद सोलत बसली होती. त्याचा चेहरा बघून तिनं सुरी खाली ठेवली. “काय झालं? जिंकतोयस ना?”

“ताई, मी पत्ता अपुरा टाकलाय बहुतेक.”

त्यानं सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “आठव. पेन उचललंस. पुढे?”

“हत्ती लिहिलं. घर लिहिलं. मधलं काही डोळ्यासमोर येतच नाही.”

“डोळ्यासमोर येत नाही म्हणजे लिहिलं नाही, असं कुठे आहे? दाराला कुलूप लावलेलं तरी तुला कधी आठवतं? अर्ध्या वाटेतून परत येतोस, आणि कुलूप लावलेलंच असतं.”

“आणि नसलं तर? किताबासाठी घातलेली सहा वर्षं पाण्यात जातील.”

फोड तिनं पुढे केली, ती त्यानं हातातच धरून ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले, मग साडेतीन. पाकीट वर पंचांच्या कपाटात होतं, आणि जगात कुणीही त्याला ते दाखवणार नव्हतं. एकच वाट उरली होती. पाकीट फुटायच्या आत बरोबरी मागायची. हरणारा माणूस ती सोडणार नाही, अर्धा गुण मिळेल, किताब मिळेल. नियमात सगळं बसत होतं. तरी मघाशी झिडकारलेली गोष्ट आता हात पसरून मागायची, या विचारानं त्याचे कान तापले.

“जाऊ नकोस,” बहीण म्हणाली. “बावीस वर्षं तुझ्या हातून अपुरा पत्ता सुटला नाही. आजच कसा सुटेल?”

“तुझं काय जातंय सांगायला?” तो फाडकन बोलून गेला. तिनं सालं गोळा केली. तो वर गेला.

चारला दहा कमी होते. म्हातारा पटासमोर येऊन बसलाच होता. यानं विचारलं, “बरोबरी?” म्हाताऱ्यानं क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. संपलं. पंचांनी अभिनंदन केलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तो ग्रँडमास्टर झाला होता.

पाकीट आता कुणाच्याच कामाचं नव्हतं. “बघू तरी, काय वाढून ठेवलं होतंत माझ्यासाठी,” म्हातारा हसत म्हणाला आणि त्यानं ते फोडलं. वाचता वाचता त्याचं हसू गेलं. त्यानं कागद पटावर ठेवला.

चाल स्वच्छ लिहिलेली होती. कोपऱ्यातला हत्ती, निघायचं घर, पोचायचं घर, सगळं. खाली बारीकशी रेघसुद्धा मारली होती, तो पाकिटावरच्या गल्लीच्या नावाखाली मारायचा तशी.

“मी हरलो होतो,” म्हातारा म्हणाला. “मग बरोबरी का मागितलीत?”

बहीण दारात कधीची येऊन उभी होती. ती पुढे झाली, कागद वाचला, नीट घडी घातली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला.

“ग्रँडमास्टर झालास,” ती म्हणाली. “चल, जेवून घे.”

त्यानंतर तो अकरा वर्षं खेळला. स्वतःहून बरोबरी त्यानं पुन्हा एकदाही मागितली नाही, त्यामुळे हरलाही पुष्कळ. मंडळी म्हणत, किताब मिळाला आणि गड्याचा खेळ बिघडला. बहिणीनं मात्र त्याचा प्रत्येक हरलेला डाव घरी पटावर पुन्हा मांडून घेतला.