भात सोडला

ऑपरेशननंतर माझं भाताशी जमलं नाही. बाकीच्यांशी हळूहळू जमत गेलं. आधी वरणाचं पाणी, मग वरण, मग उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा, आणि शेवटी वरणात कुस्करून मऊ केलेली ज्वारीची भाकरी. भाताचे मात्र दोन घास गेले की छातीच्या मधोमध काहीतरी घट्ट अडकून बसायचं. तोंडाला फेसाळ पाणी सुटायचं, नाक गळायला लागायचं आणि मोरीकडे धाव घ्यावी लागायची. नागपूरच्या आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, काहींना भात चालतो, काहींना बरेच दिवस चालत नाही, काहींना पुढे कधीच नाही. पोट आपलं आपण ठरवतं. जठराचा बराचसा भाग कापून काढल्यावर उरलेल्या एवढ्याशा पिशवीला इतका तोरा असेल, असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर चाललं असतं. मी सावली तालुक्यातली, वैनगंगेच्या धानपट्ट्यातली. आमच्या गावात 'जेवली का?' याचा अर्थ भात खाल्ला का, एवढाच. बाबा पोटभर पोळ्या खाऊन झाल्या तरी ताटावरून उठायचे नाहीत. म्हणायचे, "जेवण राह्यलं ना अजून." मग आई भाताचं गंज, म्हणजे पातेलं, पुढे ओढायची. त्या गंजावर बाबांनंतर दुसरा हक्क माझा. लहानपणी माझ्या ताटात कधी शीत उरलं नाही. आई शेजारणींना सांगायची, "लोकायच्या मायबाया लेकरायचं उष्टं खाऊन जाड्या होतेत. या पोरीनं मले एक घास ठेवला नाई कधी." सगळ्या हसायच्या आणि मीही हसायचे. तोवर जाडेपणा हा हसण्याचाच विषय होता.

पुढे मी भद्रावतीला शाळेत मराठी शिकवायला लागले. दोन खोल्यांचं भाड्याचं घर घेतलं. लग्न झालं नाही. बघायला येणारे पोहे खाऊन जायचे आणि चार दिवसांनी निरोप पाठवायचे, की मुलगी अंगानं जरा जास्तच भरलेली आहे. पोहे मात्र कुणी टाकले नाहीत. शेवटी मी ते कार्यक्रमच बंद केले. संध्याकाळी शाळेतून आले की पहिलं काम कुकर लावायचं. शिट्टी झाली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. मग मोठ्या ताटात भात, त्यावर वरण, बाजूला जवसाची चटणी आणि कच्चं तेल, समोर टीव्ही. मी भुकेसाठी कमी आणि सोबतीसाठी जास्त खात होते. ते कळत नव्हतं असं नाही. पण मग संध्याकाळी करायचं काय, ते कुणी सांगत नव्हतं.

गुडघे कुरकुरायला लागले, साखर वाढली, वरच्या मजल्यावरच्या वर्गात पोचले की आधी खुर्ची शोधायची, मग पुस्तक. शेवटी एका मे महिन्याच्या सुट्टीत नागपूरला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. बाबांना फोनवर सगळं नीट समजावून सांगितलं होतं. त्यांनी ते आईपर्यंत एका वाक्यात पोचवलं, "पोरीच्या पोटाचं ऑपरेशन होतं, झालं." आईनं त्यावर अंगारा पाठवला.

वजन उतरलं, भराभर उतरलं. लोक कौतुक करायला लागले आणि मी एकटी पडायला लागले. हे दोन्ही बरोबरच झालं. पूर्वी शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत सगळे डबे माझ्याकडे सरकायचे. कुणाची वांग्याची भाजी उरली, कुणाची पाटोडी, तर हाक यायची, "मॅडम आहेत ना!" मी म्हणजे त्या टेबलाची हक्काची कोठी होते. आता माझी एक छोटी स्टीलची वाटी आणि चहाचा चमचा. एकेक घास पाणी होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही, मग बोलता बोलता ठसका लागला तरी थांबून राहायचं. माझी वाटी अर्धी होते न होते तोवर सगळे हात धुऊन वर्गावर गेलेले असायचे. रिकाम्या टेबलाशी चावत बसलेल्या बाईशी कुणी काय बोलणार? डबे सरकवणंही बंद झालं. त्यांनी माझ्या भल्यासाठीच बंद केलं होतं, पण मला त्याचं वाईट वाटायचं, अगदी लहान मुलासारखं वाटायचं.

लग्नकार्यात तर जाणंच सोडलं. ताटात अन्न तसंच टाकून उठणाऱ्या बाईकडे वाढणारे कसे बघतात, ते एकदा बघितलं आणि पुरे झालं. आयुष्यभर जास्त खाते म्हणून लाज वाटली, आता टाकते म्हणून.

त्याच वर्षी कार्तिकात, धानाची कापणी चालू असताना, बाबा गेले. तापाचं निमित्त झालं. मी पोचले तेव्हा आई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती आणि खळ्यावर त्यांनीच लावलेला धानाचा ढीग तसाच होता. मी एकुलती एक, त्यामुळे रडायला आणि रडणाऱ्यांना चहा द्यायला मीच होते.

तेरवीची पंगत बसली. माझ्या पानात मी वरण आणि चिमूटभर भाजी घेऊन चिवडत होते. शेजारची काकू भाताचं पातेलं घेऊन आली. तिनं मला अंगाखांद्यावर खेळवलेलं, ती ऐकणार थोडीच.

"घे वो बाई, भात घे."

"नको काकू."

"काऊन नको? बापाच्या नावाचं जेवण हाये. दोन घास त घे."

आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. पंगतीत बसून जठराची गोष्ट सांगत बसणं मला शक्य नव्हतं. मी म्हटलं, "नाई काकू, मी भात सोडला."

काकूचा हात पातेल्यावरच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि ती पुढे गेली. पंगत एकदम गप्प झाली. मला नवल वाटलं. आमच्या गावात आग्रह असा दुसऱ्याच नकाराला कधी संपलेला मी बघितला नव्हता. वाटलं, दुःखाचं घर आहे म्हणून सोडलं असेल मला.

त्यानंतर गावात माझा मान वाढला. महिन्यातून एकदा मी जायचे, तर बसमधून उतरल्यापासून बायका मायेनं चौकशी करायच्या. एकीनं तर माझ्या गालावरून हात फिरवून म्हटलं, "लेक असावी त अशी." मी आईला भेटायला येते म्हणून म्हणत असतील, असं मी धरून चालले. आई माझ्यासाठी भाकरी करायची. धानपट्ट्यातल्या बाईची भाकरी ती, कधी जाड, कधी फाटलेली. तीही माझ्याबरोबर तीच खायची. एकटीसाठी वेगळा भात कशाला टाकेल, असं मला वाटायचं. ती वाळत चालली होती ते दिसत होतं. लोक म्हणायचे, नवरा गेल्याचं दुःख आहे. मीही तेच म्हणायचे. जेवताना मला माझ्याच घासाकडे इतकं लक्ष द्यावं लागायचं, की समोरच्याच्या ताटात काय आहे हे बघायची सवयच गेली होती.

पुढच्या वर्षी नवं धान आलं. शेत बटईनं दिलेलं, त्या माणसानं आमच्या वाट्याची पोती ओसरीत आणून टाकली. ढोली रिकामी करायला हवी म्हणून मी मागच्या खोलीत गेले. ही आमची बांबूची, शेणानं सारवलेली उंच ढोली, वर्षभराचं धान राहतं तिच्यात. झाकण काढलं तर आतून धान्यकिडीची बारीक पाखरं भुर्रकन उडाली आणि माझ्या तोंडावर आली. ढोली काठोकाठ भरलेली होती. बाबांनी कापलेलं मागच्या सालचं धान जसंच्या तसं होतं.

मी बाहेर येऊन आईला विचारलं, "आई, मागच्या सालचं धान तसंच हाये. कांडून नाई आणलं का?"

"नाई."

"मंग खाल्लं काय वर्षभर?"

"भाकर," ती म्हणाली. "तू लेक असून त्यायच्या नावानं भात सोडला. मंग मी त्यायची बायको, मी कशी खाऊ?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे घरचं माणूस गेलं की त्याच्या नावानं कुणी एखादा जिन्नस सोडतं. कुणी आंबा सोडतं, कुणी वांगं सोडतं, आणि मग मरेपर्यंत तोंडाला लावत नाही. पण भात कुणी सोडत नाही. रोजचं जेवणच कोण सोडणार? म्हणून ती पंगत गप्प झाली होती. मी मराठीची मास्तरीण, मुलांना एकेका शब्दाच्या अर्थच्छटा शिकवते, आणि 'सोडला' हा शब्द मी माझ्या पोटाबद्दल बोलले, गावानं तो बापाबद्दल ऐकला.

मी आईला सगळं सांगितलं. पोट कापलं ते, भात अडकतो ते, मोरीकडे पळते ते. ती ऐकत होती. मला वाटलं, हसेल, कपाळावर हात मारेल. तिचा चेहरा उतरला.

"म्हंजे तू बाबासाठी नाई सोडला?"

"नाई वो आई."

"मले वाटे, आपण दोघी मिळून सोडला," ती म्हणाली. "भाकर घशाखाली उतरे नाई, त म्हनो, तिकडं पोरगीबी अशीच खाऊन राह्यली असन."

वर्षभर ती माझ्याबरोबर जेवत होती. ती इथे आणि मी भद्रावतीला, रिकाम्या घरात, समोर कुणी नाही म्हणून कुढत. मला भडभडून आलं.

"बरं, आता कळलं ना," मी म्हटलं. "आजपासून तू भात खा."

"तू नाई सोडला. मी त सोडला ना. तुह्यं पोटाचं हाये, माह्यं त्यायच्या नावाचं हाये."

मला तिचा संताप आला. सत्तरीची बाई, तोंडात दात नाहीत, खांद्याची हाडं लुगड्यातून दिसताहेत, आणि घरात धानाला पाखरं लागली आहेत. माझ्या एका शब्दानं ही माझ्यादेखत उपाशी मरणार, असं मला स्पष्ट दिसलं. मी तडक उठले. नवं धान गिरणीवरून कांडून आणलं आणि भात शिजवला, लहान बाळाला देतात तसा, गिचका. मोठ्या ताटात वाढला आणि तिच्यासमोर जाऊन बसले. माझ्या या नाठाळ पोटात तो गेला, तर तिनंही खाल्ला पाहिजे, असा माझा हिशेब होता.

पहिला घास खूप चावला. गेला. नव्या तांदळाचा तो वास, तो गोडवा, कितीतरी दिवसांनी. मला रडूच आलं. त्या नादात दुसरा घास जरा मोठा घेतला आणि घात झाला. छातीत गच्च बसला. उचकी लागली, नाक गळायला लागलं, मी उठून मागच्या अंगणात पळाले. भिंतीला धरून सगळं बाहेर पडेपर्यंत उभी राहिले. नळावर तोंड धुतलं. हरलेच होते मी. आता आत जाऊन काय तोंड दाखवायचं, असं वाटत होतं.

आत आले तर माझं ताट आईच्या पुढ्यात होतं आणि ती भात खात होती. खाली मान घालून, बोटांनी गोळा करकरून, भराभर खात होती. किती दिवसांची भूक होती ती. मी दारातच उभी राहिले.

तिनं मान वर केली. जरा लाजली.

"लेकराचं उष्टं जेवणात धरत नाई," ती म्हणाली. "ज्यानं सोडलं, त्यालेबी त्याचा दोष लागत नाई."

हा नियम खरा की तिनं तिथल्या तिथे काढला, मी विचारलं नाही. ती म्हणाली, "जलमात पयल्यांदा ठेवलं तुनं माह्यासाठी," आणि ताट पुसून खाल्लं.

तेव्हापासून दर रविवारी मी भद्रावतीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून सावली अशा बस बदलत गावी जाते. आई माझ्या ताटात भाताचा डोंगर वाढते. मी त्यातलं एक शीत चावते, कधी दोन, आणि ताट तिच्याकडे सरकवते. जगात ताट टाकल्याची लाज न वाटणारी माझी एवढी एकच जागा आहे. तिला भद्रावतीला चल म्हटलं, तर घर सोडून ती येत नाही. माझं उष्टं डब्यात भरून आठवडाभर ठेवूया म्हटलं, तर त्यायच्या नावाचं शिळं खात नाही म्हणते. नोकरी सोडून मी गावी राहू शकत नाही. त्यामुळे ती आठवड्यातून एकदाच जेवते, आणि खरं सांगायचं तर मीही. बाकीचे दिवस माझी वाटी, चहाचा चमचा आणि शिट्टी न होणारं घर.

संध्याकाळच्या बसला ती मला फाट्यापर्यंत सोडायला येते. बस दिसली की माझी पिशवी माझ्या हातात देते आणि दर वेळी तेच म्हणते.

"आयतवारी येजो वो बाई. मले भूक लागते."